गांगुर्डेसाहेबांचं शुद्धिपत्र

माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला येणारी माणसं सूचना फार करतात. गडद काढा, फिकट काढा, शिक्का दिसू द्या, शिक्का अजिबात दिसू देऊ नका. पण पानावरच्या एका अख्ख्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवा आणि मग झेरॉक्स काढा, असं सांगणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. गांगुर्डेसाहेब.

नव्वद सालानंतरची सुरुवातीची वर्षं होती. नाशिकला द्वारका चौकात माझं दुकान नुकतंच बसायला लागलं होतं. एक मशीन, एक कटर, स्पायरलचं यंत्र आणि मागे बायंडिंगसाठी खळीचा डबा, एवढाच पसारा. साहेब भर दुपारी आले. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट खोचलेला, खिशात दोन पेनं आणि एक भिंग. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं बाड. टॉवेल सोडला तर आत रशियन पुस्तक निघालं. पानोपानी नाण्यांचे फोटो आणि उजव्या कडेला आकड्यांची उभी रांग.

"ही रांग झाकायची," ते म्हणाले.

"काय आहे तिच्यात?"

"भाव."

"अहो, मग तेच तर कामाचं!"

"भाव दिसला की नाणं दिसत नाही," साहेब म्हणाले, आणि मापाने कापून आणलेली पट्टी खिशातून काढून माझ्या हातात दिली.

मला वाटलं, चक्रम आहे. दर पानाला झाकण उचल, पुस्तक ठेव, पट्टी सरळ कर, झाकण लाव. मागे कॉलेजच्या पोरांची गर्दी वाढत चाललेली. त्यातून पट्टी जरा तिरकी गेली की काउंटरपलीकडून साहेब "अं हं" करायचे. त्या "अं हं"चा मला इतका राग आला की शेवटी मी सरळ म्हटलं, साहेब, तुम्ही आत या आणि तुमची पट्टी तुम्हीच धरा. ते खरंच आत आले. पुढे कित्येक वर्षं ते माझ्या दुकानात आतच बसायचे.

साहेब ओझरच्या विमानाच्या कारखान्यात दुभाषी होते. लागले होते स्टोअरमध्ये कारकून म्हणून. कारखान्यात रशियन शिकवायचे वर्ग निघाले तेव्हा ओव्हरटाइम सोडून हे वर्गात जाऊन बसले. बाकीची मंडळी "नमस्कार, चहा घेणार का" इथपर्यंत पोचून थांबली. हे थांबले नाहीत. पुढे रशियन इंजिनियर मशीनपाशी उभा असला की त्याच्या शेजारी गांगुर्डे असणारच, असं ठरून गेलं. मग तिकडे तो देश मोडला, इंजिनियर हळूहळू परतले आणि साहेबही निवृत्त झाले. नाशिकच्या उपनगर भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यातल्या एका लोखंडी कपाटात रशियाची नाणी होती, पीटर झारपासून थेट शेवटच्या रुबलपर्यंत. त्यांच्या पत्नी विमलताई आल्यागेल्याला सांगायच्या, "अख्खा रशिया मोडला, आमच्या कपाटातला तेवढा शिल्लक आहे. त्यात माझ्या दोन साड्या मावल्या असत्या."

त्या पहिल्या बाडाला मी मोठ्या हौसेने पुठ्ठा बांधला आणि पाठीवर सोनेरी कागद कापून इंग्रजीत अक्षरं लावली: सीसीसीपी. रशियाच्या नाण्यांवर तसंच तर दिसतं. साहेबांनी बाड हातात घेतलं, भिंग न लावताच वाचलं.

"जाधव, हा सी नाही. रशियन स आहे. आणि हा पी नाही, हा र. स, स, स, र. सोव्हिएत देशाचं नाव."

"दिसतो तर सी!"

"दिसतो. तुम्ही इंग्रजी डोळ्यांनी बघताय म्हणून दिसतो."

मी तो सोनेरी कागद खरवडून काढला. मनात शिव्या देत काढला, हे सांगायला हरकत नाही.

नाण्यांतलं मला काडीचं कळत नाही. गल्ल्यात पडतं ते नाणं, एवढीच माझी व्याख्या. पण साहेब आत बसायला लागल्यापासून माझं दुकान म्हणजे नाणेवाल्यांचा अड्डाच झाला. डॉक्टर, वकील, मास्तर, कुठला कुठला निवृत्त फौजदार, सगळे येऊन एकच प्रश्न विचारायचे. साहेब, रशियाच्या नाण्यांसाठी कुठला कॅटलॉग घेऊ? आणि साहेब उलट विचारायचे, "तुमच्याकडे सगळ्यात साधं, ज्याला कोणी हुंगत नाही असं नाणं कुठलं आहे?"

माणूस बुचकळ्यात पडायचा. त्याने दुर्मीळ रुबलबद्दल बोलायची तयारी केलेली असायची. मग साहेब समजावत. दुर्मीळ नाण्याबद्दल सगळेच जपून लिहितात, कारण तिथे चूक झाली तर चार लोक धावून येतात. साध्या तांब्याच्या कोपेककडे, म्हणजे रुबलच्या पैशाकडे, कोण बघतो? तेव्हा आधी तेच नाणं कॅटलॉगात काढायचं. वजन बरोबर दिलंय का, व्यास बरोबर आहे का, कडेवरची नक्षी सांगितली आहे का. तिथे जो लेखक आळस करत नाही, तो पुढेही करणार नाही. त्यांच्याजवळ सोनाराचा छोटा तराजू होता आणि अशा कामाला तो लगेच पिशवीतून बाहेर यायचा. माझ्या काउंटरवर, लॅमिनेशनच्या कागदांच्या शेजारी, रशियाच्या झारांची वजनं व्हायची.

त्यांचा दुसरा मुद्दा मला फार आवडायचा, कारण त्याला नाण्यांतलं काही कळावं लागत नसे. एकदा एक डॉक्टर तीन कॅटलॉग घेऊन आले. तिन्हींत एकच गोष्ट लिहिली आहे म्हणजे ती खरीच, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी तिन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवली आणि एका भलत्याच नाण्यावर बोट ठेवलं. त्याचं वजन तिन्ही पुस्तकांत चुकलं होतं, आणि अगदी सारखंच चुकलं होतं.

"डॉक्टर, परीक्षेत तीन पोरांचं उत्तर बरोबर आलं तर तिघं हुशार असतील. तिघांचं सारखंच चुकलं तर?"

"कॉपी."

"मग हे साक्षीदार तीन नाहीत, एकच आहे. बाकीचे दोघं त्याच्या मागच्या बाकावर बसलेत."

ज्या कॅटलॉगात एकही प्रश्नचिन्ह नाही त्याच्यावरही त्यांचा भरवसा नसायचा. इतकी नाणी पाहिली आणि एकदाही शंका आली नाही, असा माणूस त्यांना पटत नसे. टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड अमेरिकन कॅटलॉग होता, त्याला ते आठवडे बाजार म्हणत. सगळं मिळतं, पण हातात घेऊन बघून घ्यायचं. हाताने काढलेल्या चित्रांवर त्यांचा राग होता. नकलेच्या नकलेत झारच्या गरुडाचा कोंबडा होतो म्हणायचे. आणि कोणीही काहीही सांगितलं, नाण्याबद्दल असो की जगाबद्दल, की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "पाहिलं की ऐकलं?"

या प्रश्नाने माझी गिऱ्हाइकं हैराण व्हायची. एका पावसाळ्यात गोदेला पूर आला. एक जण भिजत दुकानात शिरला आणि म्हणाला, दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं! नाशिकमध्ये पूर मोजायचं माप म्हणजे नदीतला तो मारुती. गुडघ्याला, कमरेला, छातीला, डोक्याला. साहेबांनी विचारलं, पाहिलं की ऐकलं? तो म्हणाला, अहो, सगळे सांगतायत. साहेब म्हणाले, सगळ्यांपैकी पाहिलं कोणी? साहेबांनी छत्री उचलली आणि चालत गेले. बऱ्याच वेळाने आले ते नखशिखांत भिजून, छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या. "छातीपर्यंत आहे," एवढं सांगून टॉवेल मागितला. तोवर तो माणूस निघून गेला होता. मी म्हटलं, काय मिळवलंत? ते डोकं पुसत म्हणाले, "तुम्हाला तरी खरं कळलं ना."

असा हा माणूस. आता त्यांच्या आयुष्यात जी गोष्ट घडली ती दुसऱ्या कुणाच्या घडली असती तर मी विसरलोही असतो.

सिन्नरच्या आयटीआयमध्ये भोरसर म्हणून फिटर शिकवायचे. साधा, हसतमुख माणूस, साहेबांना फार मानायचा. एक दिवस एसटीतून उतरले ते तडक दुकानात. चेहरा असा फुललेला की मला वाटलं मुलीचं लग्न ठरलं. रुमालाची गाठ सोडून त्यांनी तांब्याचं एक जाड, काळपट नाणं काउंटरवर ठेवलं. एका बाजूला मुकुट आणि राजाच्या नावाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला तीन कोपेक, साल, आणि अगदी खाली दोन बारीक अक्षरं. बी आणि एम.

"साहेब, घावलं! लय दिसांपासून मागं होतो. रशियाचं नाणं, पण पाडलंय मुंबईला. बॉम्बे मिंट! आख्ख्या सिन्नर तालुक्यात नाय कुणाकडं."

"काय दिलंत?" साहेबांनी विचारलं. नाणेवाल्यांत हा प्रश्न पैशांचाच असतो असं नाही. अदलाबदल फार चालते.

"आजोबांचे चांदवडी रुपये व्हते ना, ते. समदे दिले. त्यांनी जन्मभर जपले, पन हे पुन्हा कुठं भेटायचं?"

चांदवडच्या किल्ल्यातल्या टांकसाळीचे ते जुने चांदीचे रुपये. भोरसर एकदा ते दाखवायला घेऊन आले होते तेव्हा साहेब त्यांच्याकडे कितीतरी वेळ नुसते बघत बसले होते. आता साहेबांनी खिशातलं भिंगसुद्धा काढलं नाही.

"बॉम्बे मिंट कुणी सांगितलं?"

"मी काय असंच दिलं का साहेब? तुमच्याकडंच शिकलोय." भोरसरांनी पिशवीतून तीन कॅटलॉग काढले. खुणेला बसची तिकिटं घातलेली. "ह्यात हाय, ह्यात हाय, आणि ह्या तिसऱ्यात तर खाली आधार पन दिलाय. वाचा ना. गांगुर्डे, नाशिक. तुमीच ना? म्हनून म्हटलं, पहिलं साहेबांना दाखवायचं, मग घरी जायचं."

मशीनमध्ये कागद अडकला होता, तो काढायचं सोडून मी साहेबांकडे बघत राहिलो. ते खुर्चीवर बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "भोरसर, हे नाणं वॉर्साचं आहे. तेव्हा पोलंड रशियाच्या झारकडे होता, तिथे ही तांब्याची नाणी पाडायचे. हा बी नाही, रशियन व आहे. व म्हणजे वॉर्सा, आणि म हा टांकसाळीच्या रशियन शब्दाचा. आणि ही नाणी तशी दुर्मीळही नाहीत."

"पन तीन पुस्तकांत हाय ना, साहेब?"

"तिन्हींत मीच आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कारखान्यात नुकते लागलेले असताना भद्रकाली बाजारातल्या मोडीच्या दुकानात त्यांना असंच एक नाणं मिळालं. रशियनच्या वर्गात जायला लागून तेव्हा फार दिवस झाले नव्हते, सगळी अक्षरंही ओळखीची नव्हती. त्यांनी ते दोन अक्षरांचं बी-एम इंग्रजीत वाचलं आणि हुरळून गेले. मुंबईला टांकसाळ होतीच. नाणं नाशिकमध्ये मिळालं. सगळं जुळत होतं. इथल्या नाणेप्रेमी मंडळाने स्मरणिका काढली होती, तिच्यात यांनी अर्धं पान लेख लिहिला. मंडळाने शाल दिली, नारळ दिला. आणि काही आठवड्यांनी वर्गात मास्तरांनी फळ्यावर तेच अक्षर काढून "व" म्हणून दाखवलं, तेव्हा यांना आपला लेख आठवला. पुढच्या बैठकीत यांनी उभं राहून चूक सांगितली. लोक हसले, चहा झाला, विषय संपला. पुन्हा स्मरणिका काही निघाली नाही, त्यामुळे दुरुस्ती छापली गेली नाही. पण जुनी स्मरणिका कुणाच्या तरी हाती लागली होती. त्याने कॅटलॉगात घेतलं, त्याच्यावरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने.

"ही तीन पुस्तकं माझ्याकडेही आहेत," साहेब म्हणाले. "साधी नाणी तपासून पुस्तकं बाजूला टाकली होती. हे पान उघडलंच नाही मी. व आणि म चं नाणं मला माहीत आहे, त्यात काय बघायचं, असं वाटलं."

भोरसर मुळीच चिडले नाहीत. चिडले असते तर साहेबांना बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "असू द्या साहेब," आणि नाणं परत रुमालात बांधायला लागले. त्यांची गाठ काही नीट बसेना.

दुसऱ्या दिवशी साहेब भोरसरांना घेऊन हे नाणं देणाऱ्या सराफ बाजारातल्या व्यापाऱ्याकडे गेले. मीही गेलो, दुकान बंद ठेवून. व्यापारी तसा वाईट माणूस नव्हता. त्यानेही पुस्तक वाचूनच नाणं घेतलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की चांदवडी रुपये पुढे गेले, आता परत कुठून आणू? आणि चूक तरी कशी मानू? त्याने कॅटलॉग उघडून साहेबांच्या समोर धरला. "देखो साहेब, इथे गांगुर्डे म्हणतात बॉम्बे. तुम्ही गांगुर्डे म्हणता वॉर्सा. मी छापलेल्या गांगुर्डेंचं ऐकू की तुमचं?"

मला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. पायरी उतरताना म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. छापलेला गांगुर्डे माझ्यापेक्षा जास्त लोकांना भेटलाय."

त्या संध्याकाळी भोरसरांना त्यांनी घरी नेलं आणि लोखंडी कपाटाचा खण बाहेर ओढून समोर ठेवला. म्हणाले, उचला. त्यात कॅथरीन राणीचा चांदीचा रुबल होता. निरोप देताना एका रशियन इंजिनियरने हातात दिलेला. साहेबांचा जीव होता त्याच्यावर. भोरसर मागे सरकले. "नगं साहेब. तुमी काय मुद्दाम केलं?" दोघेही हट्टी. शेवटी विमलताई स्वयंपाकघरातून आल्या, रुबल उचलला, रुमालात गुंडाळून भोरसरांच्या खिशात कोंबला. "घ्या हो भाऊ. नाहीतर हे नुसते भिंतीकडे बघत बसतील आणि जेवणार नाहीत. मला पोळ्या टाकायच्यात." भोरसरांनी मग ते तांब्याचं नाणं खणात ठेवलं. नाणेवाल्यांत एकतर्फी काही घ्यायचं नसतं.

एवढ्यावर मी असतो तर विषय संपवला असता. साहेबांचा तिथून सुरू झाला. त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं, की पुस्तकं बाजारात आहेत तोवर आणखी भोरसर तयार होत राहणार. त्यांनी तिन्ही कॅटलॉगवाल्यांना कळवलं. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसरा म्हणाला पुढच्या आवृत्तीत बघू. तिसऱ्याने तर फार नम्रपणे उत्तर दिलं, की आमची नोंद नाशिकच्या गांगुर्डे या जाणकारांच्या लेखावर आधारलेली आहे, तेव्हा ती बदलण्याचं कारण दिसत नाही. हे वाचून साहेब दुकानात खोकला येईपर्यंत हसले. आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतो तर हे पायरीवर. हातात मजकूर. शुद्धिपत्राची पट्टी छापायची, कॅटलॉगातल्या त्या नोंदीखाली बरोबर मावेल अशी, वर मराठीत, खाली इंग्रजीत. "वरील नोंदीत मुंबई टांकसाळ असे आहे ते वॉर्सा टांकसाळ असे वाचावे. मूळ चूक माझी. गांगुर्डे, नाशिक."

"ते 'मूळ चूक माझी' काढा की," मी म्हटलं. "वॉर्सा एवढं पुरे आहे."

"मग लोक विचारतील, हा कोण सांगणारा? चूक करणाराच सांगतोय म्हटल्यावर मानतील."

माझ्याच डब्यातली खळ बाटलीत घेऊन साहेब हिंडायला लागले. वाचनालयांत गेले, नाणेवाल्यांच्या घरी गेले, कळवणला गेले, मालेगावला गेले. लोक चहा द्यायचे आणि म्हणायचे, साहेब, पट्टी ठेवून जा, आम्ही लावतो. हे म्हणायचे, आत्ता लावू, माझ्यासमोर. एकदा पुण्याच्या प्रदर्शनाला मला बळेच घेऊन गेले. तिथे एका स्टॉलवर तोच कॅटलॉग विकायला ठेवलेला, चांगला ढीगच. मी चहा घेऊन येतो तर स्टॉलवाल्याने साहेबांची कॉलर धरलेली. साहेबांच्या एका हातात खळीचा ब्रश, दुसऱ्या हातात उघडा कॅटलॉग.

"नवीन पुस्तक खराब करता? लाज नाही वाटत?"

"खराब नाही हो करत, बरं करतोय."

"तुम्ही कोण लागून गेलात?"

"हा बघा, हा," साहेबांनी पट्टीवरच्या नावावर बोट ठेवलं. "मीच तो चुकलेला."

स्टॉलवाल्याने पट्टी वाचली, साहेबांकडे बघितलं, पुन्हा पट्टी वाचली. कॉलर सोडली. शेजारी एक म्हातारे पारशी गृहस्थ हे सगळं बघत उभे होते. ते म्हणाले, "एक पुस्तक आपो. नहीं, नहीं, वरचं नको, पट्टीवालं." त्यांचं बघून आणखी एकाने पट्टीवालं मागितलं. थोड्या वेळाने स्टॉलवालाच साहेबांना खुर्ची देऊन विचारत होता, अजून आहेत का पट्ट्या? त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि त्या खळीचा डबा माझा आहे याचाही थोडा वाटला.

मग शेजारच्या गाळ्यात सायबर कॅफे निघाला. साहेबांना इंटरनेटची उत्सुकता होती. तिथल्या पोराने रशियन नाणी शोधून दिली आणि दुसऱ्याच पानावर ते हजर: तीन कोपेक, बॉम्बे मिंट, फार दुर्मीळ. साहेब त्या पडद्याकडे बघत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जाधव, इथे खळ कुठे लावायची?"

तेव्हा पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले.

त्यांना खरा हात दिला तो अस्मिता वाघने. नाशिकरोडची मुलगी, बँकेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी साहेबांच्या घरी भिंग घेऊन बसणारी. आपल्याकडच्या संग्रहांत सापडणाऱ्या रशियन नाण्यांचा एक छोटा कॅटलॉग ती करत होती. एकेक नाणं हातात घेऊन, वजन करून. साहेब तिला म्हणायचे, नाणं कुणाकडे पाहिलंस ते प्रत्येकाखाली लिही, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर तो जाऊन बघेल. भाव लिहायचेच नाहीत हेही ठरलं. तपासायच्या प्रती बांधायला ती माझ्याकडेच आली. साहेब आत बसलेलेच होते. त्यांनी तीन कोपेकचं पान काढलं. तिने लिहिलं होतं: काही जुन्या कॅटलॉगांत हे नाणे चुकून मुंबई टांकसाळीचे म्हणून आले आहे.

"चुकून म्हणजे? कुणाच्या हातून?"

अस्मिता गोंधळली. "साहेब, तुमचं नाव कसं घालू? सगळं तुमच्याकडून शिकले."

"म्हणूनच घाल."

"बरं नाही दिसत. लोक एवढंच लक्षात ठेवतील. तुम्ही आयुष्यभर एवढं केलंत, आणि पुस्तकात नाव येणार ते यासाठी?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही ते पटत होतं. इतकी वर्षं सगळ्यांना कॅटलॉग निवडून देणाऱ्या माणसाचं नाव एका नीट केलेल्या कॅटलॉगात यावं, तर ते असं? पण साहेबांनी आवाज जराही चढवला नाही.

"अस्मिता, चुकीला नाव नसलं ना, की ती अनाथ होते. मग कुणीही तिला दत्तक घेतं. आपली म्हणून वाढवतं. हिचा बाप मी आहे, मला तिला नाव देऊ दे."

ती तरीही नको म्हणाली. तेव्हा साहेबांनी माझ्याकडचं पेन घेतलं आणि प्रतीवर स्वतःच्या अक्षरात तिच्या वाक्याच्या पुढे लिहिलं: ही चूक मूळ गांगुर्डे, नाशिक यांची. पुढे छापताना ते तसंच राहिलं.

पुस्तक निघालं. साहेबांचं चालणं तोवर कमी झालं होतं, काठी आली होती. ज्या वर्षी ते गेले त्या वर्षी गंगापूर रोडला एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन होतं. डॉक्टर नको म्हणत होते, विमलताई नको म्हणत होत्या. मी रिक्षा केली आणि घेऊन गेलो. लोक त्यांच्या पाया पडत होते, खुर्ची देत होते. ते बसले नाहीत. एकेका टेबलापाशी थांबत, वाकून बघत, पुढे जात राहिले.

एका कोपऱ्यातल्या टेबलावर कळवणहून आलेली एक मुलगी होती, कॉलेजात जाणारी. पहिल्यांदाच स्वतःचं टेबल लावलेलं, त्यामुळे घसा साफ करून करून बोलत होती. साहेबांना ती ओळखत नव्हती. तिने तांब्याचं एक नाणं उचलून त्यांच्या हातावर ठेवलं.

"काका, हे बघा. खाली बी-एम दिसतंय ना? पण ते बॉम्बे नाही बरं का. तो रशियन व आहे. वॉर्सा."

"असं होय?" साहेब म्हणाले.

"हो ना. पूर्वी आपल्या नाशिकच्याच एका माणसाने बॉम्बे म्हणून लिहून ठेवलं होतं. किती वर्षं सगळे तेच धरून बसले होते. हे बघा, पुस्तकात नाव पण दिलंय. गांगुर्डे." तिने अस्मिताचं पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं. साहेबांनी चष्मा वर केला आणि ती ओळ सावकाश वाचली. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबला.

"तुम्ही ओळखता का त्यांना?" मुलीने विचारलं.

"ओळखतो ना," साहेब म्हणाले. "आता बराच सुधारलाय."

ती हसली. तेवढ्यात मागून एक जोडपं आलं, म्हणून तिने साहेबांच्या हातातलं नाणं अलगद घेतलं आणि त्या जोडप्यातल्या बाईंच्या तळहातावर ठेवलं. हे बघा, बी-एम दिसतंय ना? साहेब जरा बाजूला सरकले, पण गेले नाहीत. तिने त्या दोघांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, गांगुर्डे नावासकट, आणि काठीवर दोन्ही हात ठेवून साहेब शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.